तुऱ्याचं शोभेचं गवत: ओळखावं कसं, वाढवावं कसं आणि आवरावं कसं



शहरातल्या रस्त्यांच्या दुभाजकात, मंगल कार्यालयांच्या दारात, हॉटेलच्या बागेत हल्ली एक गवत दिसतं. बारीक, लांब, वाकलेली पात; कधी हिरवी, कधी जांभळट-तांबडी. मधून वर आलेले मऊ तुरे, वारा आला की सगळे एका बाजूला झुकतात. नर्सरीवाले त्याला ‘फाउंटन ग्रास’ किंवा नुसतं ‘पेनिसेटम’ म्हणतात. फाउंटन म्हणजे कारंजं. पात मधून वर येऊन चहूबाजूंनी खाली वाकते, कारंज्याच्या पाण्यासारखी, म्हणून हे नाव.

रोपवाटिका चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या गटांपुढे हे गवत आज ना उद्या येणारच. पाणी कमी लागतं, रोग कमी, एका ठोंबाचे सहा होतात. ऐकायला सगळं गोड आहे. पण याच गवताचा एक प्रकार असा आहे की तो आपल्या माळावर सुटला तर शेळ्या-मेंढ्यांच्या चराईवर गदा येईल. म्हणून या पाठात तीन गोष्टी शिकायच्या आहेत: गवत ओळखणं, वाढवणं आणि आवरणं. शेवटी हिशेबही मांडू. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत.

१. हे गवत आपल्या ओळखीतलंच आहे

नाव परकं असलं तरी घराणं आपलं आहे. ‘पेनिसेटम’ हा लॅटिन शब्द ‘पीस’ आणि ‘राठ केस’ या दोन शब्दांपासून झाला आहे. म्हणजे पिसासारखे केस असलेलं गवत. आपली बाजरी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याच कुळात धरली. जनावरांना घालतो ते हत्तीगवत, म्हणजे नेपिअर, तेही त्यातलंच. अलीकडे शास्त्रज्ञांनी या सगळ्यांना ‘सेंक्रस’ या कुळात हलवलं आहे. आपल्या माळावरचं अंजन गवत त्याच कुळातलं. पण बाजारात अजून पेनिसेटम हेच नाव चालतं.

बाजरीचं कणीस डोळ्यांपुढे आणा. दाण्यांच्या जागी मऊ केस आले आणि कणीस हलकं होऊन वाकलं, की झाला फाउंटन ग्रासचा तुरा.

तुरेवाली गवतं आपल्या भागात आणखीही आहेत. नदीकाठी पावसाळा सरताना पांढरेशुभ्र तुरे दिसतात ते कास किंवा काश गवत. ते तर उसाचं सख्खं भावंड. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात १९१२च्या सुमारास बार्बर आणि व्यंकटरामन यांनी गोड जाड उसाचा या रानटी कासाशी संकर केला. त्यातून ‘को २०५’ हे वाण निघालं आणि पुढे देशातल्या उसाचं रूपच पालटलं. माळेगावच्या कारखान्यावर जाणाऱ्या मोळीतही त्या काठावरच्या गवताचं रक्त आहे, असं म्हटलं तर चूक नाही. हिवाळ्यात उसाला तुरा येतो तेव्हा शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तुऱ्यानंतर उसाची वाढ थांबते आणि पुढे दशी पडून तो पोकळ होतो. बागेत मात्र तुऱ्यालाच पैसे मिळतात.

ओढ्यात, कालव्याच्या पाझरात तपकिरी, मेणबत्तीसारखं कणीस येतं ते पाणकणीस. ते या गवताच्या कुळातलं नाही आणि कोरड्या वाफ्यात जगतही नाही. त्याची गल्लत करू नका.

२. तीन प्रकार: एक घ्यायचा, दोन टाळायचे

नर्सरीत तुरेवाल्या गवताचे मुख्यतः तीन प्रकार भेटतात.

पहिला, जांभळ्या पातीचा फाउंटन ग्रास. नर्सरीवाले याला ‘रुब्रम’ किंवा ‘रेड फाउंटन’ म्हणतात. पात तांबूस-जांभळी, तुरा गुलाबी छटेचा. उंची साधारण ३ ते ४ फूट. हा संकरातून आलेला असावा असं मानतात. त्याच्या तुऱ्यात उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण खेचराला पुढे पिल्लू होत नाही, तसंच. आपल्याकडे बाजरी आणि हत्तीगवताचा संकर असलेलं ‘फुले जयवंत’ किंवा बायफ संस्थेचं संकरित नेपिअर आपण बी पेरून लावत नाही, कांडी नाहीतर ठोंब लावतो. कारण तेच. रोपवाटिकेसाठी घ्यायचा असेल तर हाच प्रकार घ्या.

दुसरा, हिरव्या पातीचा फाउंटन ग्रास. उंची २ ते ४ फूट, तुरा फिकट गुलाबी ते पांढुरका. दिसायला छान, किमतीला स्वस्त. पण याचं बी उगवतं, तेही भरपूर. प्रत्येक बियाला केसांचा झुबका असतो. त्यामुळे ते वाऱ्यावर उडतं, शेळीच्या केसांत अडकतं, पाण्याबरोबर वाहतं, गाडीच्या चाकालाही चिकटतं. मातीत पडलेलं बी सहा-सात वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. हा प्रकार लावू नका, वाढवू नका, विकू नका.

तिसरा, पम्पास. हे दक्षिण अमेरिकेतलं गवत पुरुषभर, कधी त्याहून उंच वाढतं. मोठे पांढरे झुपके येतात. लग्नाच्या सजावटीत वाळलेले झुपके दिसतात ते बहुतेक याचेच, नाहीतर त्याच्या प्लास्टिकच्या नकलेचे. याच्या पातीची कड करवतीसारखी धारदार असते, हात चिरतो. घराजवळ, पोरांच्या वावरात ते नको. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडमध्ये त्याला तण ठरवलं आहे.

३. हिरव्या प्रकाराला एवढं का भ्यायचं?

फाउंटन ग्रास मूळचं उत्तर आणि पूर्व आफ्रिका, अरबस्तान या कोरड्या भागातलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते हवाई बेटांवर शोभेसाठी नेलं. ती बेटं ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची आहेत. गवत बागेतून सुटलं आणि दगडांच्या फटींमध्ये पसरलं. उन्हाळ्यात त्याचा झुपका वाळतो आणि चट्कन पेट घेतो. आगीत तिथली जुनी झाडं-झुडपं मरतात, पण हे गवत मुळातून पुन्हा फुटतं आणि मोकळी झालेली जागा बळकावतं. पुढच्या आगीला आणखी सरपण तयार. म्हणजे आग गवताला वाढवते आणि गवत आगीला. युरोपीय संघाने २०१७ मध्ये या गवताचा घातक परक्या वनस्पतींच्या यादीत समावेश केला. तिथे ते वाढवायला आणि विकायला बंदी आहे.

आता आपल्याकडे बघा. आपल्या पायाखालचा दगडही ज्वालामुखीचाच काळा बेसाल्ट. पाऊस वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. नीरा डाव्या कालव्याखालची जमीन उसाची, पण कालव्याच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ. बारामती आणि इंदापूरच्या या माळांवर पवना, मारवेल, कुसळी, अंजन अशी गवतं वाढतात. त्यांच्यावर शेळ्या-मेंढ्या जगतात, चिंकारा जगतो. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं ते अशाच माळावरच्या चिंकारा हरणासाठी. असं सुटलेलं गवत या माळाला हवाईच्या दगडाइतकंच सोयीचं वाटेल. आणि जून झाल्यावर ते इतकं राठ होतं की शेळीही त्याला तोंड लावायला नाखूष असते. माळ हिरवा दिसेल, पण चारा नसेल.

गाजर गवताचं उदाहरण तर घरचंच आहे. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं. आज खुरपताना अंगाला खाज सुटते तेव्हा त्याची आठवण आपल्याला रोज होते. तण एकदा पसरलं की ते काढायची मजुरी बहुतेक बाईच्याच वाट्याला येते. ज्याने रोप विकलं तो केव्हाच पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. आपल्या गटाने तो विकणारा होऊ नये.

४. कुंडीतली परीक्षा

नर्सरीवाला सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. पातीचा रंगही कधी फसवतो. सावलीत वाढलेलं जांभळं गवत हिरवट दिसतं. म्हणून ही परीक्षा करा.

एक पसरट कुंडी किंवा जुनी पाटी घ्या. बारीक माती आणि शेणखत भरा. पूर्ण पिकलेले, केस सुटायला लागलेले तीन-चार तुरे चुरगळून त्यावर पसरा. वर पातळ मातीचा थर द्या. तीन-चार आठवडे ओल राखा. जागा उन्हातली पाहिजे. शेजारी दुसरी पाटी ठेवा, त्यात तीच माती, पण तुरे नाहीत. मातीत आधीच असलेलं तण दोन्ही पाट्यांत उगवेल. तुऱ्याच्या पाटीत जास्तीची, एकसारखी गवताची रोपं दाट उगवली, तर तो प्रकार बी धरणारा आहे असं समजा आणि मोठी खरेदी करू नका.

म्हणून पहिल्यांदा दोनच रोपं आणायची, तुरे येऊ द्यायचे, परीक्षा करायची, मग पुढचं पाऊल टाकायचं. यात एक हंगाम जातो, पण गटाचे पैसे आणि गावचा माळ दोन्ही वाचतं.

परीक्षेत नापास झालेलं रोप उकिरड्यावर फेकू नका. आधी तुरे कापून जाड पिशवीत बंद करा, पिशवी खोल खड्ड्यात पुरा. मग ठोंब मुळासकट उपटून फरशीवर कडक वाळवा. त्या जागेवर पुढचे दोन-तीन पावसाळे नजर ठेवा.

५. ठोंब फोडून रोपं करणं

परसात गवती चहा असेल तर हे काम तुम्हाला येतंच. रीत तीच.

वेळ. जून-जुलै सर्वांत चांगला. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चही चालतो. ऐन थंडीत फोडू नका, गवत तेव्हा झोपलेलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हातही नको.

माती. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. कारखान्याचं प्रेसमड वापरणार असाल तर पूर्ण कुजलेलंच वापरा. ताजं प्रेसमड तापतं आणि मुळं जळतात. ढिगात हात घातल्यावर गरम लागलं तर ते अजून तयार नाही. नुसती काळी माती भरू नका, पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात.

कृती. आदल्या दिवशी ठोंबाला पाणी द्या. दुसऱ्या दिवशी सगळी पात सुतळीने मोळीसारखी बांधा आणि जमिनीपासून एक वीत ठेवून विळ्याने कापा. बांधून कापलं की पात विखुरत नाही, काम लवकर होतं. कुदळीने चहूबाजूंनी माती सुटी करून ठोंब उचला. हाताने फुटत असेल तर हाताने, नाहीतर कोयत्याने फोडा. प्रत्येक तुकड्यात तीन ते पाच फुटवे आणि त्यांना स्वतःची मुळं असलीच पाहिजेत. एकेक फुटवा लावण्याचा मोह टाळा. संख्या वाढते, पण मरही वाढते. मध्यभागी वाळलेला, लाकडासारखा झालेला भाग असेल तो टाकून द्या. बाहेरच्या कडेचे फुटवे जोमदार असतात.

लांब मुळं चार बोटं ठेवून छाटा. पिशवीत आधी होते तेवढ्याच खोलीवर लावा. गळ्यापर्यंत पुरलं तर कुजतं, वर राहिलं तर वाळतं. माती दाबून पाणी द्या.

सावली. पहिले आठ-दहा दिवस सावली हवी. शेडनेट नसेल तर चार बांबूंवर जुनं सुती लुगडं ताणा, तेवढं पुरतं. नवी पात निघाली की हळूहळू उन्हात आणा. सहा ते आठ आठवड्यांत रोप विकण्याजोगं होतं. पिशवी उचलून खालच्या भोकातून पांढरी मुळं दिसतात का बघा. मुळं दिसली नाहीत तर घाई करू नका. पिशवीतून सुटून हातात आलेलं रोप घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

६. बागेत लावणी आणि वर्षभराची निगा

गिऱ्हाइकाला रोपाबरोबर ही माहितीही द्यायची असते, म्हणून नीट लक्षात ठेवा.

जागा. दिवसाचे किमान सहा तास ऊन. सावलीत पात लोळते, रंग उतरतो, तुरे कमी येतात. पाणी साचणारी जागा नको.

अंतर. दोन ते अडीच फूट. नवीन असताना मोकळं दिसतं म्हणून लोक दाट लावतात आणि वर्षाने गर्दी होते. खड्डा एक फूट लांब, रुंद, खोल.

पाणी. पहिले दोन महिने तीन-चार दिवसांनी. पुढे उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पावसाळ्यात गरजच नाही. कुंडीतल्या रोपाला जास्त वेळा लागेल.

खत. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, दोन ओंजळी शेणखत. युरिया टाकू नका. युरियाने पात फोफावते आणि मधून फाटल्यासारखी पडते. आपल्याला मोळी नको, कारंजं हवं.

छाटणी. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास. वीतभर ठेवून सगळं कापायचं. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, डोक्याला फडकं बांधा. जुन्या तुऱ्यांचे केस नाकातोंडात जातात. दमा असलेल्या बाईने हे काम करू नये. कापलेली वाळकी पात गोठ्याच्या किंवा चुलीच्या जवळ रचून ठेवू नका, पटकन पेटते. तुरे काढून घेतलेली पात आच्छादनाला किंवा गांडूळ खताच्या बेडला वापरा.

ठोंब फोडणी. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ व्हायला लागतो. तेव्हा उचलून फोडायचा आणि पुन्हा लावायचा. इथेच तुमच्या गटाला काम मिळतं: ज्यांना रोपं विकली त्यांच्या बागेत फोडणी-छाटणीची मजुरी.

रोग-कीड. फारशी नाही. कुंडीत दाटी झाली तर मिलीबग, म्हणजे पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो. पाण्याचा जोराचा फवारा आणि मग निंबोळी अर्क पुरतो.

७. तुरे वाळवून विकणं

फुलदाणीत ठेवायला वाळलेल्या तुऱ्यांना मागणी असते. फाउंटन ग्रासचा तुरा पूर्ण पिकला की झडतो. म्हणून तुरा नुकताच पूर्ण बाहेर आलेला असताना, केस सुटण्याआधी, सकाळचं दव वाळल्यावर लांब दांड्यासह कापा. दहा-पंधराची जुडी बांधा. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळते. उन्हात वाळवलं तर रंग जातो. शेवटी केसांवर मारायचा स्प्रे लांबून हलका मारला तर केस झडत नाहीत.

पण यासाठी गवत विकत आणलंच पाहिजे असं नाही. हिवाळ्यात उसाला आलेले तुरे आपल्याकडे फुकट आहेत. ज्याचा फड आहे त्याला विचारून, तोडणीच्या आधी घ्या. त्याला त्याचा काही उपयोग नसतो. बाजरीची लहान कणसं, ज्वारीचं कणीस, गव्हाच्या ओंब्या यांची जुडीही चांगली दिसते. बांधावरचं अंजन गवत तुऱ्यालाही गोड दिसतं आणि शेळीलाही चालतं. माळावरचं आहे, माळावर सुटलं तरी काळजी नाही. बांधाची शोभा हवी असेल तर आधी त्याचा विचार करा. नदीकाठचा कासाचा तुरा कापून आणायला हरकत नाही, पण त्याचं मूळ मात्र शेतात आणू नका. कुंदा-हरळीसारखं ते जमिनीखालून पळतं.

८. हिशेब: आपली मजुरी धरून

खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव विचारून स्वतःचे आकडे घाला.

समजा पाच जणींनी २० भरदार मातृरोपं १०० रुपयांप्रमाणे आणली: २,००० रुपये. पिशव्या, माती, खत: १,२०० रुपये. ने-आण: ८०० रुपये. रोख खर्च झाला ४,००० रुपये.

एकेका रोपाचे सहा तुकडे, म्हणजे १२०. त्यातले १० मेले, उरले ११०. पुढच्या वर्षीसाठी २० ठेवले. विकायला ९०. भाव ६० रुपये धरला तर ५,४०० रुपये आले. खर्च जाऊन १,४०० रुपये उरले.

बहुतेक जणी इथे थांबतात आणि ‘नफा झाला’ म्हणतात. पण पाच जणींनी चार-चार दिवस काम केलं, म्हणजे २० दिवस भरले. १,४०० भागिले २०, म्हणजे दिवसाला ७० रुपये. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेल्या असत्या तर ३०० मिळाले असते असं धरलं, तर हा नफा नाही, तोटा आहे. शिवाय ४,००० रुपये गटाच्या अंतर्गत कर्जातून, महिना शेकडा एक रुपया व्याजाने सहा महिन्यांसाठी घेतले असतील तर २४० रुपये व्याज वजा करा. उरले १,१६०, म्हणजे दिवसाला ५८ रुपये.

आता दुसरं वर्ष. मातृरोपं घरचीच, कर्ज नाही. रोख खर्च २,००० रुपये. हात बसलेला, म्हणून दोन-दोन दिवसांत काम उरकतं, एकूण १० दिवस. रोपं तेवढीच विकली, ५,४०० रुपये आले. उरले ३,४००, म्हणजे दिवसाला ३४० रुपये. आता मजुरीपेक्षा वर गेलो. पण ९०च्या ऐवजी ४५च रोपं खपली तर? आले २,७००, उरले ७००, पुन्हा दिवसाला ७० रुपये.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, हे पहिल्या वर्षी पैसे देणारं काम नाही. दोन, रोप करणं सोपं, विकणं अवघड. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग रोप. नगरपंचायत, शाळा, मंगल कार्यालय, बंगल्यांच्या बागा करणारे ठेकेदार यांना आधी भेटा, किती आणि कधी हवीत ते लिहून घ्या, जमल्यास थोडी उचल घ्या. तीन, नुसत्या या गवतावर रोपवाटिका उभी राहत नाही. भाजीची रोपं, तुळस, कढीपत्ता, गवती चहा, फुलझाडं यांच्या जोडीला एका वाफ्यापुरतं ठेवा. फळझाडांची कलमं-रोपं विकणार असाल तर १९६९च्या राज्य कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो कृषी विभागाकडे आधी विचारा.

उरुळी कांचनच्या बाजूला मोठ्या नर्सऱ्यांची रांगच आहे. खरेदीला जाल तेव्हा त्यांचे घाऊक भावही टिपून आणा, कारण तुमचं गिऱ्हाईक तिथेही जाऊ शकतं. तुमच्या हातात एकच गोष्ट जास्त आहे: जवळ असणं. रोप मेलं तर बदलून देणं, लावून देणं, वर्षाने छाटून देणं, हे लांबच्या नर्सरीला परवडत नाही. शंका असेल तर शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारीत तिथे ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं तेव्हा गटाने मिळून जावं, आणि जाताना प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

९. गटाने ठराव करावा असे पाच नियम

१. परीक्षा न केलेलं तुरेवालं गवत आपला गट विकणार नाही.
२. बी उगवणारा प्रकार सापडला तर तो नष्ट करू, स्वस्तात देऊन टाकणार नाही.
३. माळ, ओढा, गायरान, वनखात्याची हद्द यांच्या कडेला शोभेचं परकं गवत लावणार नाही, मजुरी मिळाली तरी.
४. प्रत्येक रोपाबरोबर प्रकाराचं नाव आणि निगेची चिठ्ठी देऊ.
५. प्रत्येक बाईच्या कामाचे दिवस वहीत लिहू. वहीत नसलेली मजुरी कुणालाच दिसत नाही, घरच्यांना नाही आणि आपल्याला स्वतःलाही नाही.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गावात तुरेवालं गवत कुठे-कुठे लावलेलं आहे? हिरवं की जांभळं? त्याच्या आसपास आपोआप उगवलेली रोपं दिसतात का? पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने एक जागा बघून यावी.
- आपल्या माळावरच्या किती गवतांची नावं आपल्याला येतात? गटातल्या सर्वांत वयस्क ताईंना किंवा मेंढरं राखणाऱ्या घरातल्या मैत्रिणीला विचारून यादी करा. कोणतं शेळी आवडीने खाते, कोणतं छपराला चालतं, कोणतं नुसतं कुसळाचं, तेही लिहा.
- वरचा हिशेब आपल्या गावच्या भावाने पुन्हा मांडा. किती रोपं खपली तर दिवसाची मजुरी सुटते? तो आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि मगच कर्जाच्या मागणीवर सही करा.